जिथं गुरं बसली होती

नैरोबीत, म्हणजे केनियाच्या राजधानीत, मी तीन वर्षं होते, २०१७ पासून २०२० पर्यंत, आणि त्या काळात घरून, मैत्रिणींकडून, सोसायटीतल्या काकूंकडून फोनवर एकच प्रश्न यायचा, "मग, आफ्रिकेत कसं वाटतंय?" प्रश्न प्रेमानंच विचारलेला असायचा पण मला दर वेळी पंचाईत व्हायची. आफ्रिका म्हणजे तीन कोटी चौरस किलोमीटर जमीन, आपला अख्खा भारत त्यात नऊ वेळा बसेल, ५४ देश, दोन हजारांच्या आसपास भाषा. शाळेत वर्गाच्या भिंतीवर जो नकाशा टांगलेला असायचा त्यात ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळजवळ सारखेच दिसायचे, खरं तर आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट आहे, गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना ध्रुवांकडचं सगळं फुगत जातं म्हणून तसं दिसतं. तो नकाशा डोक्यात इतका पक्का बसलाय की एवढा मोठा खंड एका शब्दात मावतो असं आपल्याला वाटतं, आणि तो शब्द काढला की डोळ्यांसमोर चित्रही एकच येतं, पिवळं गवत, छत्रीसारखी बाभूळ, सिंह, मागं सूर्य मावळतोय आणि माणूस कुठंच नाही.

मला त्या माणूस नसलेल्या चित्राबद्दलच लिहायचंय. ते चित्र कसं तयार झालं हे मला अण्णांमुळे कळलं, म्हणजे माझ्या वडिलांमुळे, आणि त्यांना ते कळलं गाईंमुळे.

आधी नैरोबीबद्दल थोडं. विषुववृत्त इथून अगदी जवळ, पण शहर सतराशे-अठराशे मीटर उंचीवर असल्यानं जुलैत स्वेटर लागतो. नाव मसाई या गुरं पाळणाऱ्या लोकांच्या भाषेतलं, थंड पाण्याची जागा अशा अर्थाचं. मोंबासाहून निघालेली रेल्वे १८९९ मध्ये इथं पोचली, दलदलीच्या माळावर तिचा डेपो पडला, त्याचंच पुढं शहर झालं. ती रेल्वे बांधायला आपल्या उपखंडातून तीस हजारांवर मजूर नेले होते, बहुतेक पंजाबातले, त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथंच मेले. त्यांच्या आणि त्यांच्याही कितीतरी आधी गलबतांतून गेलेल्या कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांच्या खुणा स्वाहिलीत पावलोपावली सापडतात. दुकान म्हणजे दुका, पैसे म्हणजे पेसा, विमा म्हणजे बिमा, लाख म्हणजे लाकी, चपातीला चपातीच, आणि भाजलेल्या मटणाबरोबर कांदा-टोमॅटो-कोथिंबीर चिरून देतात तिला म्हणतात कचुंबारी. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं पहिल्यांदा डबा पुढं करून "कचुंबारी घे" म्हटलं तेव्हा मला एकदम घरी असल्यासारखं झालं.

अण्णा आले २०१९ च्या ऑगस्टमध्ये. आई गेल्यापासून आटपाडीत एकटेच होते, येतो-येतो म्हणत दोन वर्षं काढली आणि शेवटी भावानं तिकीट काढूनच हातात दिलं. अण्णा जिल्हा परिषदेत पशुधन पर्यवेक्षक होते, लोकांच्या तोंडी ढोरांचे डॉक्टर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यात सगळी नोकरी गेली, २००९ ला रिटायर झाले. माझ्या लहानपणीच्या आठवणीत दोन वस्तू पक्क्या आहेत, एक दवाखान्यासमोरचा लाकडी खोडा, ज्यात बैल अडकवून इंजेक्शन द्यायचे, आणि दुसरी म्हणजे बर्फ भरलेला थर्मास, ज्याला आम्हा पोरांनी हात लावायचा नाही. त्यात लशीच्या बाटल्या असायच्या. दवाखान्याच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं आजारांची नावं लिहिलेली होती, घटसर्प, फऱ्या, लाळ्या खुरकूत, आणि सगळ्यात वर बुळकांडी.

बुळकांडी आता कुणाला आठवत नाही, आणि न आठवणं हीच त्या आजाराबद्दलची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. इंग्रजीत रिंडरपेस्ट. जनावराला सडकून ताप यायचा, डोळ्यांतून नाकातून पाणी, तोंड आतून सोलवटून निघायचं, मग हगवण लागायची आणि आठ-दहा दिवसांत उभं जनावर आडवं. एका गोठ्यात शिरली की गावातली दावणच रिकामी करायची. अण्णा सांगायचे, नोकरीला लागले तेव्हा गावातली म्हातारी माणसं हा शब्द उच्चारायलासुद्धा बिचकायची.

तर मसाई मारा हे अभयारण्य बघायला निघालो. वायाकी वे नावाच्या मोठ्या रस्त्यानं गाडी शहराबाहेर पडत होती, पुढं एक मटाटू, म्हणजे तिथली वडाप, आणि तिच्या काचेवर पाटी: काबेटे. मी ही पाटी रोज बघत होते. अण्णांनी ती दोनदा वाचली आणि मला म्हणाले, "हे काबेटे म्हणजे लशीतलं काबेटे का गं?" मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, आणि नंतर मी घरी येऊन ते सगळं वाचून काढलं तेव्हा अंगावर काटा आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काबेटेमध्ये एका बैलापासून बुळकांडीचा विषाणू वेगळा केला होता, त्याचं नावच काबेटे ओ. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी याच रस्त्यावर आणखी पुढं असलेल्या मुगुगाच्या प्रयोगशाळेत वॉल्टर प्लाउराइट नावाच्या पशुवैद्यानं तो विषाणू वासराच्या पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवत वाढवत इतका नरम केला की तो आजार देईना, फक्त आयुष्यभराची प्रतिकारशक्ती देई. ती लस जगभर गेली. आपल्याकडे आधी उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला तयार झालेली, बकऱ्यांवर वाढवलेली लस होती, नंतर ही आली. म्हणजे माझ्या लहानपणीच्या त्या थर्मासात, आटपाडीच्या उन्हात, सायकलच्या हँडलला अडकवलेल्या त्या बर्फात, नैरोबीच्या एका उपनगराचं नाव होतं. आणि मी त्या उपनगरावरून रोज ऑफिसला जात होते.

अण्णांनी गाडी थांबवायला सांगितली. बघण्यासारखं काहीच नव्हतं, रस्त्याकडेला मका भाजणारी एक बाई, टायरचं दुकान, मागं निलगिरीची झाडं. ते पाच मिनिटं उभे राहिले, चप्पल काढली, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि गाडीत येऊन बसले. मी काही बोलले नाही.

मुगुगा मागं टाकून थोडं पुढं गेलं की जमीन अचानक संपते. म्हणजे खरंच संपते. पाइनची झाडं, भाज्यांचे स्टॉल, धुकं, आणि एका वळणावर समोर काहीच नाही, सहाशे-सातशे मीटर खोल दरी आणि तळाशी पसरलेलं पिवळं मैदान, त्यात लाँगोनॉट नावाचा निद्रिस्त ज्वालामुखीचा सुळका. हीच ती ग्रेट रिफ्ट व्हॅली. आपण सह्याद्रीचे घाट बघितलेले असतात, पण घाटाला एकच बाजू असते, खाली कोकण आणि मग समुद्र. इथं लांब पलीकडं, पन्नास-साठ किलोमीटरवर, तशीच दुसरी भिंत आहे, आणि मधली जमीन खाली खचलीय. आफ्रिका खंड इथं दोन भागांत फाटतोय, वर्षाला काही मिलिमीटर. उत्तरेला इथिओपियातल्या अफारमध्ये २००५ च्या सप्टेंबरात काही दिवसांत साठ किलोमीटर लांबीची भेग आठ मीटरपर्यंत रुंदावली होती. अण्णांनी खाली बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "उसवलीय जमीन." मला भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात यापेक्षा नेमका शब्द मिळालेला नाही.

(दरीच्या तळाशी माई महिऊ नावाचं गाव लागतं. २०१८ च्या मार्चमध्ये तिथं रस्त्यात मोठी घळ पडली होती आणि जगभर बातमी फिरली होती की आफ्रिका दुभंगली. बऱ्याच भूशास्त्रज्ञांचं म्हणणं वेगळं होतं, मुसळधार पावसानं ज्वालामुखीची भुसभुशीत राख वाहून नेली आणि खालची पोकळी उघडी पडली. खंड फाटतो तो इतक्या सावकाश की कुणाच्या बातमीत येत नाही.)

आणखी एक गोष्ट मला त्या कड्यावर उभं राहून फार जाणवली. आपण याच जमिनीपासून तुटून आलोय. गोंडवन नावाच्या एकाच महाखंडात भारत, मादागास्कर, आफ्रिका शेजारी-शेजारी होते, मादागास्करपासून भारत सुटला त्याला नऊ कोटी वर्षं होत आली. इथं एक उसवण चालू आहे आणि आपण जुन्या उसवणीतून वाहत गेलेलं ठिगळ आहोत.

मारामध्ये पहिल्या दोन दिवसांत जे दिसायचं ते सगळं दिसलं. सिंहीण तिच्या तीन छाव्यांना घेऊन गाडीच्या सावलीत येऊन बसली. जिराफ, हत्ती, तरस, गिधाडांचा थवा. नदीवर विल्डबीस्टचं, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचं, क्रॉसिंग बघितलं, हजारो जनावरं काठावर येतात, पुढचं घाबरून मागं वळतं, मागची रेटतात, असं दोन-दोन तास चालतं आणि मग एक उडी मारतं की सगळी लोंढ्यासारखी पाण्यात. धुरळा, हंबरणं, आणि दोन्ही काठांवर चाळीस-पन्नास जीप. मी फोटो काढत होते. अण्णा म्हणाले, "ढोरं भेदरल्यात. गाड्या जरा मागं घ्यायला सांग." आमच्या गाइडनं, मसाई होता तो, तिशीचा मुलगा, गाडी खरंच मागं घेतली आणि तेव्हापासून तो अण्णांना म्झे म्हणायला लागला, म्झे म्हणजे वडीलधारा.

पण अण्णांचे डोळे खऱ्या अर्थानं चमकले ते तिसऱ्या दिवशी, रिझर्वच्या बाहेर, जेव्हा धुळीतून गाईंचा कळप आला. शंभर-सव्वाशे तरी असतील, गळ्यात घंटा, मागं लाल चौकड्याची शुका पांघरलेला बारा-तेरा वर्षांचा पोरगा, खांद्यावर काठी आडवी. अण्णा जवळजवळ ओरडले, "वशिंड बघ, वशिंड!" खरंच, प्रत्येक गाईच्या खांद्यावर आपल्यासारखं वशिंड, खाली लोंबणारी पोळी. युरोपातल्या गाईला ते नसतं. वशिंडवाली जनावरं मूळची आपल्या उपखंडातली, हजारो वर्षांपूर्वी समुद्रमार्गे आणि अरबस्तानातून आफ्रिकेत पोचली. शिवाय कळपात बरीच जनावरं तांबूस, जड अंगाची होती. अण्णांनी एका नजरेत ओळखलं, "ही साहिवालची औलाद." गाइड थक्क झाला. गेल्या शतकात भारत-पाकिस्तानातून केनियात साहिवाल नेली, नैवाशाला तिचं सरकारी पैदास केंद्र आहे, आणि मसाई आपल्या लहान चणीच्या गाईंवर साहिवाल वळू सोडतात, दूध वाढतं म्हणून. हे सगळं त्यानं सांगितलं आणि म्हणाला, म्झे, तुम्ही आमच्या घरी चला.

त्याचं घर म्हणजे बोमा. काटेरी फांद्यांचं गोल कुंपण, आत कडेकडेनं ठेंगणी घरं, मधोमध गुरांची जागा. कुंपणाचं कारण तरस आणि सिंह. घरं बायका बांधतात, काटक्यांचा सांगाडा आणि वरून शेणाचा लेप, आम्ही गेलो तेव्हा एक बाई हातानं छप्पर लिंपत होती आणि तो वास, उन्हात वाळणाऱ्या शेणाचा, मी किती वर्षांनी घेतला. लहान मुलं आमच्याजवळ आली आणि डोकं पुढं करून उभी राहिली. तिकडची रीत आहे, मोठ्यांनी डोक्याला हात लावायचा. अण्णांना कुणी सांगावं लागलं नाही, ते प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत गेले. वाळवलेल्या भोपळ्यातून दूध आलं, त्या भोपळ्याला आतून ऑलिव्हच्या पेटत्या लाकडाची धुरी देतात, त्यामुळे दुधाला धुराची चव असते. अण्णा दोन घोट घेऊन म्हणाले, "चुलीवरच्या दुधासारखं लागतंय."

गाइडचे वडील अण्णांच्याच वयाचे. मग दोघांचं जे सुरू झालं ते अडीच तास चाललं, मसाईतून इंग्रजीत मुलगा आणायचा, इंग्रजीतून मराठीत मी, आणि मधेच दोघंही आमच्याकडं न बघता नुसतं बोट दाखवून बोलायचे. गाईचा ओठ वर करून दात बघितले, चार दाती म्हणून अण्णांनी चार बोटं दाखवली, म्हाताऱ्यानं मान डोलावली. एका वासराच्या कानामागची गोचीड अण्णांनी नखानं काढली. रंगांची नावं विचारली. त्यांच्याकडं रंग-ठिपक्यांवरून गाईला कितीतरी नावं, अण्णांनी आपली सांगितली, हरणी, कपिली, मोरी, कोसा, काजळी. मग अण्णांनी मला बुळकांडीबद्दल विचारायला सांगितलं. मी रिंडरपेस्ट म्हटलं, मुलानं भाषांतर केलं आणि म्हातारा एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "ओलोदुआ." त्यांच्या भाषेतला शब्द. आणि आटपाडीतली म्हातारी माणसं जशी आवाज खाली करायची तसाच त्यानं तो खाली आणून उच्चारला.

लहान असताना लशीची गाडी यायची, गुरं एकामागं एक उभी करायचे, सुई मारून कानाला खूण करायचे, हे त्याला आठवत होतं. त्याच्या आज्याकडून ऐकलेलं त्यानं त्यानंतर सांगितलं, आणि ते साल-तारखांसकट इतिहासात नोंदलेलं आहे. १८८७ मध्ये लाल समुद्राच्या काठावर, आज जिथं इरिट्रिया आहे तिथं, इटलीच्या सैन्यासाठी गुरं उतरवली गेली, त्यातून बुळकांडी आफ्रिकेत शिरली. ती गुरं हिंदुस्थानातून आणलेली होती असं बऱ्याच इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. मी हे वाक्य अण्णांना नंतर, रात्री तंबूत सांगितलं, तेव्हा ते किती तरी वेळ काहीच बोलले नाहीत.

आफ्रिकेतल्या गुरांनी हा आजार कधी बघितलाच नव्हता, त्यामुळे दहातली आठ-नऊ जनावरं मेली. इथिओपियात नांगर ओढायला बैल उरले नाहीत, त्या दुष्काळात देशातली तिसरा हिस्सा माणसं गेली असं मानतात. दहा वर्षांत आजार थेट दक्षिण टोकाला पोचला. १८९६ च्या शेवटी तिथल्या सरकारनं रॉबर्ट कॉख या जर्मन जंतुशास्त्रज्ञाला बोलावून घेतलं, आणि तोच कॉख तिथलं काम अर्धवट ठेवून १८९७ मध्ये मुंबईला आला, प्लेगच्या साथीसाठी. मसाईंनी त्या काळाला नाव दिलं एमुताई, पुसून जाणं. गुरं गेली म्हणजे दूध गेलं, लग्नं थांबली, देवाणघेवाण संपली, मागोमाग देवी आली. १८९१ च्या सुमारास तिथून गेलेल्या ऑस्कर बाउमान या ऑस्ट्रियन प्रवाशाचा अंदाज होता की दोन-तृतीयांश मसाई मेले.

नेमक्या याच वेळी गोरा साहेब तिथं पोचला आणि त्याला दिसलं रिकामं मैदान. गुरं नाहीत, माणसं नाहीत, चरणारं कुणी नाही म्हणून झुडपं माजलेली, झुडपांबरोबर त्सेत्से माशी आली, माशीबरोबर निद्रारोग, त्यामुळे परत वस्ती करता येईना. त्याला वाटलं हे असंच होतं, अनादि काळापासून, माणसाचा हात न लागलेलं. मग ही रिकामी जमीन आपलीच. १९०४ मध्ये करार करून मसाईंना रिफ्टमधल्या उत्तम कुरणांवरून उठवलं, उत्तरेकडच्या लायकिपिया पठाराची जमीन तुम्हाला कायमची असं त्यात लिहिलं, आणि १९११ मध्ये तिथूनही उठवलं. मसाई कोर्टात गेले, १९१३ मध्ये. कोर्टानं सांगितलं की हा करार दोन स्वतंत्र सत्तांमधला आहे, त्यामुळे इथल्या कोर्टाला त्यात पडता येत नाही. जमीन काढून घेताना प्रजा आणि दाद मागायला गेल्यावर परकी सत्ता. हे वाचताना मला अजूनही संताप येतो.

पुढं राष्ट्रीय उद्यानं झाली, नैरोबीचं १९४६ ला, माराला लागूनच टांझानियात असलेलं सेरेनगेटी १९५१ ला, आणि १९५९ मध्ये सेरेनगेटीतल्या मसाईंना बाहेर काढून गोरोंगोरोच्या बाजूला पाठवलं. कारण चित्रात माणूस नको होता.

आता यातली मला सगळ्यात विलक्षण वाटलेली गोष्ट. बुळकांडी गाईंपासून विल्डबीस्टना आणि रानम्हशींनाही व्हायची, दर वर्षी त्यांची वासरं हजारोंनी मरायची. सेरेनगेटीत १९६१ च्या आसपास विल्डबीस्ट होते अडीच लाखांच्या घरात. बाहेरच्या गावांत गुरांना लस टोचायला लागले, जंगली जनावरांना कुणी हातही लावला नाही, पण गाईंमधला आजार संपला तसा जंगलातलाही संपला, आणि १९७७ पर्यंत विल्डबीस्ट तेरा लाखांवर गेले. एवढी तोंडं गवत खायला लागल्यावर उन्हाळ्यात पेटायला वाळलं गवत उरेना, वणवे कमी झाले, वणवे कमी झाले म्हणून बाभळीची रोपं तगली, झाडं वाढली. म्हणजे आपण पृथ्वीवरचं सर्वात मोठं स्थलांतर म्हणून जो देखावा बघायला विमानानं जातो तो एका अर्थी गुरांच्या डॉक्टरांनी उभा केलाय. थर्मास घेऊन, खोड्यापाशी उभं राहून. बुळकांडीची जगातली शेवटची नोंद २००१ ची, केनियातल्याच मेरू उद्यानातल्या रानम्हशींमध्ये. आपल्याकडची शेवटची १९९५ ची. २०११ मध्ये जाहीर झालं की आजार पृथ्वीवरून संपला, देवीनंतर असा पुरता संपवलेला हा दुसराच रोग. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या, अण्णांनी ते कात्रण अजून डायरीत ठेवलंय.

निघायच्या आदल्या संध्याकाळी म्हातारबाबा आम्हाला बोमापासून अर्धा किलोमीटर लांब घेऊन गेले. सगळीकडं गवत पिवळं आणि मधेच एक गोल हिरवागार तुकडा, आपल्या खळ्यापेक्षा मोठा, बाभळीसुद्धा नाहीत त्यात. टॉमी, म्हणजे ते कुशीवर काळा पट्टा असलेलं लहान हरीण, तीसेक तरी तिथं चरत होते, दोन झेब्रे. अण्णा खाली बसले, माती मुठीत घेतली, चुरली, वास घेतला. "इथं गुरं बसायची," ते म्हणाले. मी भाषांतर करायच्या आत म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याच्या वडिलांचा बोमा होता तो, कधीचाच सोडलेला. शेणा-मुताचा थर जमिनीत मुरतो, बोमा हलला की तिथं आधी गवत उगवतं, रसरशीत, आणि रात्री हरणं तिथंच येऊन बसतात, उघडं असतं, सिंह लांबून दिसतो. नैऋत्य केनियात सुमारे दीड ते पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या गुराख्यांच्या अशा जागा संशोधकांना सापडल्यात आणि तिथली माती आजही आजूबाजूपेक्षा कसदार आहे. म्हणजे ज्या गवताला आपण अस्पर्श निसर्ग म्हणतो त्याच्या मुळाशी गाईचं शेण आहे. तीन हजार वर्षांचं.

एकत्र राहायचे नियमही त्यांनी बसवलेले आहेत. विल्डबीस्ट व्यायला लागले, साधारण फेब्रुवारीत, दक्षिणेकडच्या आखूड गवताच्या माळावर, की मसाई आपली गुरं तिथून हलवून डोंगराकडं नेतात, कारण विल्डबीस्टच्या नवजात वासरांच्या नाका-डोळ्यांतल्या पाण्यातून गाईला एक जीवघेणा ताप लागतो. त्या माळावर ज्वालामुखीची राख पडून तयार झालेलं सगळ्यात कसदार गवत असतं आणि तरी ते त्या महिन्यांत सोडून देतात. अण्णांना हे इतकं आवडलं की त्यांनी डायरीत लिहून घेतलं.

पण हे सगळं किती दिवस टिकेल माहीत नाही. केनियातली निम्म्याहून जास्त वन्य जनावरं उद्यानांच्या बाहेर राहतात, लोकांच्या जमिनीवर, आणि १९७७ ते २०१६ या काळात देशातले वन्य प्राणी सरासरी ६८ टक्क्यांनी घटले. सामूहिक कुरणांचे तुकडे पडले, नावावर सातबारे झाल्यासारखं झालं, नि तुकडा आला की तारेचं कुंपण आलं. गाइडच्या कुटुंबानं शेजारच्या घरांबरोबर जमीन कंझर्व्हन्सीला, म्हणजे वन्य प्राण्यांसाठी जमीन राखणाऱ्या संस्थेला, भाड्यानं दिलीय, महिन्याला पैसे येतात, ठरलेल्या वेळी गुरंही चारता येतात, मला हा मार्ग त्यातल्या त्यात शहाणपणाचा वाटतो. सीमेपलीकडं टांझानियात मात्र २०२२ च्या जूनमध्ये लोलियोंदोत दीड हजार चौरस किलोमीटर जमिनीवर वन्य प्राण्यांसाठी राखीव म्हणून खुणेचे खांब रोवले, मसाईंनी विरोध केला, गोळ्या चालल्या, माणसं पळून केनियात आली. त्या दिवशी मी पुण्यात होते, बातमी वाचून गाइडला मेसेज केला, त्याचे मामा तिकडं होते. ते सुखरूप होते.

आणि ज्या मसाईंचा फोटो छापल्याशिवाय आफ्रिकेचं एकही पोस्टर होत नाही ते केनियात आहेत किती, तर २०१९ च्या जनगणनेत साधारण बारा लाख, पावणेपाच कोटींतले. फोटोत हवेत आणि जमिनीवर नकोत.

अण्णा परत आटपाडीला गेले. पुढच्या वर्षी मीही भारतात आले. परवा, मे महिना संपता संपता, त्यांचा फोन आला की कोकणातून परतणारा धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरणारा तांडा, आपल्या शेतात उतरलाय, तीन रात्री मेंढरं बसवणार, खतासाठी. अण्णा संध्याकाळी त्यांच्यात जाऊन बसले आणि मसाईंची सगळी गोष्ट सांगितली, काटेरी कुंपण, धुरीचं दूध, हिरवा गोल. वाड्यातला म्हातारा ऐकत होता. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "त्येनला बी फारेष्टवालं आडवत्यात काय?"

अण्णांनी हो म्हणून सांगितलं. मग तो उठून मेंढरांच्या कडेनं एक चक्कर मारून आला, जाळी नीट केली, कुत्र्याला हाक मारली. यंदा त्या तुकड्यात बाजरी पेरायचं चाललंय.